पंधरावीचा सत्कार

जून उजाडला की तालुक्याच्या गावांतल्या मंगल कार्यालयांना लग्नसराईनंतरचं दुसरं काम मिळतं. दहावी-बारावीचे निकाल लागलेले असतात. समाजमंडळं, पतसंस्था, गणेश मंडळं, शिक्षकांच्या संघटना, सगळ्यांचे गुणगौरव सोहळे एकामागोमाग एक सुरू होतात. चौकात फ्लेक्स लागतो, त्यावर मुलांचे पासपोर्ट आकाराचे फोटो आणि प्रत्येक फोटोखाली टक्के. नाव पुकारलं की मुलगी मंचावर जाते, गुलाबाचं फूल, सन्मानचिन्ह आणि एक पाकीट घेते. खाली तिची आई खुर्चीतून अर्धवट उठून मोबाइलवर फोटो काढते. हा आनंद खरा असतो आणि तो साजरा व्हायलाच हवा.

मग तीन वर्षं जातात आणि हीच मुलगी पंधरावी होते. या वेळचा निकाल विद्यापीठाच्या संकेतस्थळावर बैठक क्रमांक टाकून रात्री केव्हातरी बघायचा असतो. शेवटच्या सत्राची गुणपत्रिका काही आठवड्यांनी कॉलेजच्या खिडकीवर मिळते. पदवी प्रमाणपत्रासाठी वेगळा अर्ज, वेगळं शुल्क. ते हातात पडेपर्यंत मुलगी कुठेतरी कामाला लागलेली असते, नाहीतर सासरी गेलेली असते. चौकात तिचा फोटो लागत नाही. मंडळांच्या याद्यांत तिचं नाव नसतं, कारण याद्या दहावी-बारावीच्याच होतात. घरी पेढे आले तर आले.

मला हे बरोबर वाटत नाही. दहावीच्या परीक्षेला वर्गातली जवळजवळ सगळी मुलं बसतात. पंधरावीपर्यंत त्यांतली किती उरतात हे एकदा मोजून बघावं. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात २०२१-२२ साली १८ ते २३ या वयोगटाचं ढोबळ पटनोंदणीचं प्रमाण देशात २८.४ टक्के आणि महाराष्ट्रात ३५.३ टक्के होतं. स्वतःला पुढारलेलं समजणाऱ्या आपल्या राज्यातही तीन तरुणांमागे जेमतेम एक जण महाविद्यालयात आहे. जो शेवटपर्यंत टिकला, त्याच्या वाटेत किती गोष्टी आडव्या आल्या असतील! वडिलांचं आजारपण, बहिणीचं लग्न, पाऊस न पडलेलं वर्ष, बंद पडलेली एसटीची फेरी, दुसऱ्या वर्षी राहिलेला एक विषय. घरात कोणीच पूर्वी कॉलेजात गेलेलं नसेल, तर सत्र परीक्षेचा अर्ज कसा भरायचा हेही त्याला दाराबाहेर जाऊन शिकावं लागतं. घराण्यातली पहिली पदवी अशी मिळवलेली असते. ती ज्या दिवशी घरात येते, त्या दिवशी गावाने काय करायला हवं, एवढाच या लेखाचा विषय आहे.

मुंबई विद्यापीठाने १८६२ साली पहिल्या बी. ए. पदव्या दिल्या, तेव्हा पदवीधर होते चार: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. आज त्याच विद्यापीठाच्या एका दीक्षान्त समारंभात लाखाहून अधिक पदव्या जाहीर होतात. एवढ्या मुलांना एका सभागृहात बोलावणं शक्य नाही. अलीकडच्या वर्षांत राज्यातल्या विद्यापीठांनी पदव्या महाविद्यालयांकडे पाठवून तिथेच समारंभ घ्यायला सुरुवात केली, हे फार चांगलं झालं. खेड्यातला बाप पुण्या-मुंबईच्या दीक्षान्त सभागृहात कधी पोचला नसता. तालुक्याच्या कॉलेजात तो एसटीने येऊ शकतो.

सातारा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण महाविद्यालयात मी असा समारंभ पाहिला. मांडवाच्या कडेला अनामत रक्कम घेऊन गाऊन देण्याचं टेबल होतं. रांगेत एक मुलगी कडेवर बाळ घेऊन उभी होती. तिचं नाव जवळ आलं तसं सासूने बाळ आपल्याकडे घेतलं आणि सून मंचावरून उतरेपर्यंत त्या बाळाला बोट दाखवून आई कुठे आहे ते सांगत राहिली. पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ मुलाचं प्रमाणपत्र दोन्ही हातांत धरून उभे होते. छापलेल्या ओळीत आपलं नाव कुठे आहे ते त्यांनी मुलाला विचारलं, मुलाने बोट ठेवून दाखवलं, थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं. प्राध्यापकांनी त्यांना पुढच्या खुर्च्यांवर बसवलं होतं, चहा हातात नेऊन दिला होता. कॉलेजच्या आवारात ते गृहस्थ बहुधा पहिल्यांदाच आले असावेत.

आणि पुष्कळ नावांना उत्तर आलं नाही. निवेदक नाव पुकारायचे, क्षणभर थांबायचे, पुढचं नाव घ्यायचे. कोणी एमआयडीसीत पहिल्या पाळीला होतं आणि रजा मिळाली नव्हती. कोणाचं सासर दोन जिल्हे पलीकडे होतं. कोणाला निरोपच पोचला नव्हता, कारण वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप गट परीक्षा संपल्यावर थंडावला होता.

यात एक गोष्ट अशी आहे जी ठरवलं तर लगेच बदलता येईल. हे समारंभ बहुतेक करून हिवाळ्यात, डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान होतात. नेमका तोच काळ उसाच्या गळीत हंगामाचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो माणसं बिऱ्हाड पाठीवर घेऊन साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत फड सोडता येत नाही, आणि एका दिवसाचा खाडा पडला तरी तो हिशेबात धरला जातो. ज्या आईबापांनी ऊस तोडून मुलीला पंधरावीपर्यंत नेलं, तिला पदवी मिळते त्या दिवशी ते कुठल्यातरी कारखान्याच्या कोपीवर असतात. हाच समारंभ एप्रिल-मे महिन्यात घेतला, तर ते गावी परतलेले असतील. ज्या कॉलेजांत मराठवाड्यातली अशी मुलं शिकतात, त्यांच्या प्राचार्यांनी हे मनावर घ्यावं. तारीख बदलायला पैसे लागत नाहीत.

सत्कार केल्याने काय होतं, असं पुष्कळ जण विचारतात. मुलांच्या डोक्यात हवा जाते, एवढंच, असंही म्हणतात. या प्रश्नाचं उत्तर द्यायला मुंबईतल्या एका जुन्या सभेची हकिगत सांगायला हवी.

७ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. १९०० साली त्या तारखेला भिवा रामजी आंबेडकर हे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलाच्या पटावर चढलं. ती शाळा म्हणजे आजचं प्रतापसिंह हायस्कूल. पुढे कुटुंब मुंबईला आलं आणि परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागलं. त्या खोलीत माणसं झोपल्याशिवाय अभ्यास होणं शक्य नव्हतं, म्हणून सुभेदार रामजी मुलाला लवकर झोपवत आणि मध्यरात्र उलटल्यावर उठवून पुस्तकाशी बसवत. संध्याकाळी मुलगा चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचा. त्या बागेत विल्सन हायस्कुलातले शिक्षक कृष्णराव अर्जुन केळूसकर येत. वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावचे हे गृहस्थ स्वतः कष्टाने शिकलेले होते आणि लिहिणारे होते. रोज पुस्तकात डोकं घालून बसणारा मुलगा त्यांच्या नजरेत भरला, त्यांनी चौकशी केली, आणि ओळख झाली.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ गुण. म्हणजे ३८ टक्क्यांच्याही आत. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातला मुलगा मॅट्रिक होणं ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट होती, हे त्या समाजातल्या माणसांना कळत होतं. त्यांनी अभिनंदनाची सभा भरवली. चरित्रकार सांगतात की अध्यक्ष होते सीताराम केशव बोले, आणि केळूसकर गुरुजींनी आपण लिहिलेलं गौतम बुद्धाचं मराठी चरित्र त्या सभेत मुलाला भेट दिलं. बाबासाहेबांनी स्वतः 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत ही आठवण थोडी वेगळी दिली आहे. त्यात परीक्षा इंग्रजी चौथीची आहे आणि अध्यक्षस्थानी केळूसकरच आहेत. तपशिलांतला हा फरक अभ्यासकांनी सोडवावा. मला त्या प्रस्तावनेतला वडिलांचा भाग महत्त्वाचा वाटतो. समाजातली माणसं परवानगी मागायला आली तेव्हा रामजींनी चक्क नकार दिला. एक परीक्षा तर पास झालाय, सभा कसली घेता, मुलाच्या डोक्यात हवा जाईल, असं त्यांचं म्हणणं होतं. माणसं निराश झाली, पण गप्प बसली नाहीत. त्यांनी दादा केळूसकरांना मध्यस्थी करायला लावली, त्यांनी रामजींशी वाद घातला, आणि शेवटी सभा झाली.

म्हणजे सत्काराला विरोध करणारे वडील तेव्हाही होते, आणि ते वाईट बाप नव्हते. मुलासाठी रात्रीची झोप मोडणारे होते. तरीही त्या दिवशी सभा घेणारी माणसंच बरोबर होती. त्या सभेत मिळालेलं पुस्तक मुलाने मन लावून वाचलं, त्याच्यावर त्याचा खोल परिणाम झाला, आणि त्या पुस्तकामुळेच आपण बुद्धाकडे वळलो असं बाबासाहेबांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षी लिहून ठेवलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जे धर्मांतर घडलं, त्याची एक वाट मुंबईतल्या त्या छोट्या सभेपासून निघते.

आणि केळूसकर पुस्तक देऊन घरी गेले नाहीत, हे तितकंच महत्त्वाचं. मुलगा एल्फिन्स्टन कॉलेजात शिकू लागला आणि वडिलांचे पैसे संपले. तेव्हा केळूसकर त्याला घेऊन बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना भेटायला गेले. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. त्याच कॉलेजातले प्राध्यापक मुल्लर यांनी पुस्तकं आणि कपडे दिले. १९१३ साली पदवीधर भीमराव सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. आणखी एक धागा आहे. चरित्रकार ज्यांना त्या सभेचे अध्यक्ष म्हणतात, त्या बोल्यांनीच पुढे १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मांडला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात असा तो ठराव. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी हातात घेतलं गेलं, ते या ठरावाने दिलेला हक्क बजावण्यासाठी.

आज गुणगौरव सोहळ्याच्या पत्रकावर बहुधा टक्क्यांची अट छापलेली असते. कुठे ७५, कुठे ८५, शहरात ९०. त्या अटीत २८२ गुणांचा मुलगा बसत नाही. अट घालणाऱ्यांची अडचण मला कळते. सन्मानचिन्हं मोजकी असतात, वेळ मोजका असतो. पण पदवीच्या बाबतीत तरी ही अट काढून टाकावी असं मी आग्रहाने म्हणतो. एटीकेटी लागून पाच वर्षांनी पदवी मिळवलेल्या मुलाने त्या जादा वर्षांत दुकानात काम करून घर चालवलेलं असतं. त्याची गुणपत्रिका पाहून त्याचे कष्ट कळणार नाहीत. त्याला मंचावर बोलावलं तर कळतील.

दुसरी हकिगत याहूनही वीस वर्षं जुनी आहे आणि मुंबईपासून फार दूर, अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात घडलेली आहे. ११ मार्च १८८६ ला तिथल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा पदवीदान समारंभ होता. पदवी घेणाऱ्यांत आनंदीबाई जोशी होत्या. वय पुरतं एकवीसही नव्हतं. आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर त्यांनी प्रबंध लिहिला होता. परक्या हवेने आणि थंडीने तब्येत ढासळलेली होती. त्यांचे पती गोपाळराव तिथे पोचले होते, आणि आणखी एक बाई मुद्दाम आल्या होत्या: पंडिता रमाबाई. रमाबाई तेव्हा इंग्लंडात होत्या. आनंदीबाई नात्याने दूरच्या, पण मराठी मुलगी डॉक्टर होते आहे म्हटल्यावर रमाबाई पाच वर्षांच्याही न झालेल्या मनोरमेला बरोबर घेऊन अटलांटिक ओलांडून आल्या. हिवाळ्यातला आगबोटीचा प्रवास, हातात पैसा बेताचा. कोणी बोलावणं टाळलं असतं तर दोष देता आला नसता.

आनंदीबाई वर्षभरातच, २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. त्यांना वैद्यकी करायला मिळाली नाही. त्यांच्या आयुष्याबद्दल लिहिताना आपण नेहमी इथे थांबतो आणि हळहळतो. पण त्या समारंभाला आलेल्या रमाबाई अमेरिकेतच राहिल्या, गावोगाव हिंडल्या, व्याख्यानं दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या दुःस्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, बॉस्टनमध्ये मदतीसाठी मंडळ उभं राहिलं, आणि तो निधी घेऊन त्या परतल्या. मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन उघडलं ते ११ मार्च १८८९ ला. आनंदीबाईंच्या पदवीदानाला त्या दिवशी बरोबर तीन वर्षं झाली होती. शारदा सदनाच्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. १८९३ साली तिने धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. त्याच अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं. कोणाच्या पदवीला कोण हजर राहतं, त्यातून पुढे काय उभं राहतं, हे त्या दिवशी फिलाडेल्फियात बसलेल्या कोणालाही सांगता आलं नसतं.

या दोन्ही हकिगतींत हजर राहणारा माणूस रिकाम्या हाताने आला नव्हता आणि समारंभानंतर नाहीसाही झाला नव्हता. मला वाटतं, खरा सत्कार एवढाच असतो. टाळ्या तर हव्यातच, पण मुलाच्या पुढच्या पावलाची थोडी तरी सोय त्यात असावी.

कर्मवीर भाऊराव पाटलांना हे इतकं पक्कं ठाऊक होतं, की त्यांनी ती सोय आधीच करून ठेवली. स्वतः ते मॅट्रिकही झाले नव्हते. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं, आणि सगळ्या जातींची मुलं एका पंक्तीत जेवू लागली. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं. तिथे कमवा आणि शिका ही योजना रुजली आणि शेतात, बांधकामावर राबणारी मुलं पदवीधर होऊ लागली. याच वसतिगृहातून वर आलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले, पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९५९ साली पुणे विद्यापीठाने भाऊरावांना डी. लिट. ही सन्माननीय पदवी दिली आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात ते गेले. आज रयतच्या सातशेहून अधिक शाखा आहेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या कमवा व शिका योजनेलाही त्यांचंच नाव आहे. सकाळी बागेत नाहीतर विभागाच्या कार्यालयात काम आणि नंतर तास, असा त्या मुलांचा दिवस असतो. पुण्यातच अच्युतराव आपट्यांनी १९५५ साली विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली, खेड्यातून आलेल्या गरजू मुलांना राहायला आणि जेवायला मिळावं म्हणून.

पण पदवी मिळाली की वसतिगृह सुटतं. पंधरावीनंतरचा हा काळ सगळ्यांत अवघड असतो आणि त्याकडे कोणाचं लक्ष नसतं. काल जो विद्यार्थी होता त्याची एसटीच्या पासाची सवलत संपते, शिष्यवृत्ती संपते, खोली सोडावी लागते. त्याच वेळी गावात विचारणा सुरू होते: आता काय करतोस? पुढे शिकायचं तर शहरात राहण्याची सोय हवी. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे; सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्याला मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार रुपये मिळतात. आदिवासी मुलांसाठी तशी स्वयम योजना आहे. आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्नाच्या, पात्र प्रवर्गांतल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क माफ झालं आहे. हे सगळं चांगलं आहे. पण योजनेचा हप्ता बँकेत यायला वेळ लागतो, आणि खोलीची अनामत व मेसचे पहिल्या महिन्याचे पैसे आधी द्यावे लागतात. कितीतरी मुलं या मधल्या दोन-तीन महिन्यांत परत फिरतात. त्यांना शिकायचं असतं, प्रवेशही मिळालेला असतो. कमी पडतात ते दहा-पंधरा हजार रुपये आणि शहरात ओळखीचं एक घर.

स्पर्धा परीक्षांबद्दलही लिहायला हवं. पुण्यात सदाशिव पेठेतल्या, नारायण पेठेतल्या अभ्यासिकांत राज्यभरातली मुलं एका खुर्चीपुरती जागा भाड्याने घेऊन वर्षानुवर्षं बसलेली आहेत. जो अधिकारी होतो त्याची गावात गुलाल उधळून मिरवणूक निघते, आणि ती निघावीच. पण पदवीनंतरचं यश म्हणजे फक्त हेच, असा समज त्या मिरवणुकांमुळे पक्का होत गेला आहे. पंधरावी करून गावातच माती परीक्षणाची प्रयोगशाळा काढणारा, पॅथॉलॉजीत नमुने तपासणारी, सहकारी दूध संघाचे हिशेब नीट ठेवणारी, पुढे बी. एड. करून आश्रमशाळेत शिकवणारी, ही सगळी मुलं आपल्या गावाची पत वाढवतात. त्यांची नावं ग्रामसभेत घेतली जावीत. जागा न मिळाल्यामुळे अठ्ठाविसाव्या वर्षी अभ्यासिकेतून घरी परतलेल्या मुलाच्या दारीही कोणीतरी जावं. त्याने पदवी मिळवलेली आहे, तो हरून आलेला नाही.

उशिरा पदवी घेणाऱ्यांना तर आपण अगदीच विसरतो. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं, ज्ञानगंगा घरोघरी हे ब्रीद घेऊन. अंगणवाडी सेविका, पोलीस शिपाई, लग्नामुळे शिक्षण सुटलेल्या बायका तिथून पदव्या घेतात. आई आणि मुलगी एकाच वर्षी पंधरावी झाल्याची घरं महाराष्ट्रात आहेत. त्या घरी सत्कार करायला गेलात तर श्रीफळ दोन न्या.

आता ज्यांनी या वर्षी पदवी मिळवली, त्यांच्याशी थोडं बोलतो. तुम्हाला कोणी सांगितलं असेल की बी. ए.ला किंमत नाही, बी. कॉम. गल्लोगल्ली आहेत. त्यांचं ऐकून आपलं प्रमाणपत्र कपाटाच्या तळाशी टाकू नका. तुमच्या आजीला अंगठा उमटवावा लागत होता, तुमच्या आईची शाळा सातवीला सुटली, आणि तुम्ही तीन वर्षं ग्रंथालयात बसून परीक्षा दिल्यात. ही बढाई नाही, तुमच्या घराचा इतिहास आहे. नोकरी मिळायला वेळ लागेल, पहिली नोकरी मनाजोगी नसेल. तेवढ्या काळात वाचणं सोडू नका आणि मदत मागायला लाजू नका. बागेत बसून वाचणाऱ्या मुलाने गुरुजींच्या प्रश्नाला उत्तर दिलं, म्हणून ओळख झाली. तुम्हालाही कोणी तरी विचारेल. तेव्हा मला काही नको असं म्हणून तोंड फिरवू नका. आणि तुमच्या गल्लीत जी मुलगी या वर्षी बारावी झाली आहे, तिला कॉलेजचा प्रवेश अर्ज भरून द्या. तो कसा भरायचा हे गावात आता तुम्हाला ठाऊक आहे.

मंडळांना आणि संस्थांना माझ्या काही विनंत्या आहेत. गुणगौरवाच्या यादीत पंधरावी आणि पदविका झालेल्यांचा रकाना जोडा, टक्के विचारू नका. आईवडिलांनाही मंचावर बोलवा आणि त्यांची नावं पूर्ण घ्या. प्लॅस्टिकच्या सन्मानचिन्हांवर जो खर्च होतो, तो पुस्तकांवर करा. पुस्तक निवडताना त्या मुलाला काय आवडतं ते आधी विचारा. प्रमुख पाहुणा म्हणून गावातलीच, दहा वर्षांपूर्वी पदवी घेऊन कामाला लागलेली मुलगी बोलवा. तिने कोणत्या शहरात, कोणाच्या आधाराने पहिले सहा महिने काढले ते तिने सांगावं. भाषणं कमी ठेवा, आणि समारंभ संपल्यावर अर्धा तास अर्ज, शिष्यवृत्ती, खोल्या यांची माहिती देणारी माणसं टेबल टाकून बसवा. जमल्यास सगळ्यांनी मिळून एक छोटा निधी ठेवा, ज्यातून पुढे शिकायला जाणाऱ्याला पहिल्या महिन्याची मेस आणि खोलीची अनामत बिनव्याजी मिळेल. कमवायला लागल्यावर त्याने ती परत करावी, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलाला देता येईल.

आणि तुम्हाला, हा अंक वाचणाऱ्यांना. दिवाळीत गावी जाल, किंवा सोसायटीतच असाल, तेव्हा चौकशी करा की या वर्षी आपल्या वाडीत, चाळीत, इमारतीत कोण पदवीधर झालं. वॉचमनची मुलगी असेल, धुणीभांडी करणाऱ्या मावशींचा मुलगा असेल, भाजीवाल्या काकांची पुतणी असेल. त्यांच्या घरी फराळाचं ताट घेऊन जा, एक पुस्तक न्या, आणि बसून विचारा: पुढचा अर्ज कोणता भरायचा आहे, त्याची फी किती, शहरात कोणाकडे उतरणार? त्यांतली एक गोष्ट तुम्ही स्वतःकडे घ्या, आणि आपला फोन नंबर देऊन या.